नऊ तासांवरचं दुपटं

शिरूर,
रविवार

प्रिय शालन,

आठवतं, दौंडच्या कॉन्व्हेंटमध्ये भूगोलाच्या तासाला आपण शिवणाच्या डब्यातला दोरा नकाशावर ठेवून अंतर मोजायचो? मी रुळांचं एकेक वळण धरून दोरा नेत असे. तू दोन्ही टोकं धरून तो सरळ ताणायचीस आणि माझ्या आधी हात वर करायचीस. सिस्टर लुसिया विचारायच्या, "शालन, तू पक्षी आहेस का?" आणि तू बेधडक "येस, सिस्टर!" म्हणायचीस.

आता खरंच उडायला निघालीस. मी मोबाइलवर पाहिलं, मुंबई ते फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटर, आणि विमानाला लागतात जेमतेम नऊ तास. इथून न्हावऱ्यावरून, चौफुल्याला एसटी बदलून तुझ्या दारात यायला माझी अख्खी सकाळ जाते. तू मात्र एका झोपेत माझ्या लेकीपाशी.

तुझ्या विक्रमला मी माझी अपेक्षा दिली, तेव्हा वाटलं होतं, मैत्रीणच विहीण झाली, पोर सासरीही आईजवळच राहील. तशी ती राहिली, आणि तेच आता मला सोसत नाही. परवा फोनवर म्हणाली, "आईंच्या हातची लसणाची चटणी खावीशी वाटते गं." आई म्हणजे तू. मी मम्मी. "सांगते हं शालनला," म्हटलं आणि फोन ठेवून उगाचच लसूण सोलत बसले.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिथल्या डॉक्टरांनी तिला आता विमानप्रवासाला मनाई केली आहे, आणि यांचं डायलिसिस सोडून मला शिरूरबाहेर पडता येत नाही. "तू जा, पोरं हायेत की," असं हे म्हणतात खरं, पण सुई टोचताना माझाच हात शोधतात. शेजारच्या गीताबाईंनी तर दारातच विचारलं, "पयलं बाळंतपण आन् सासूच्या हाती? लेकीला म्हायेर न्हाई व्हय?" मी हसून म्हटलं, "सासू माझी मैत्रीण आहे हो." तोंडानं म्हटलं.

शालन, मला तुझा हेवा वाटतो. हेवा हा फारच सभ्य शब्द झाला, जळते मी. खिडकीजवळची सीट मिळाली म्हणून तू आनंदानं कळवलंस, तर मी दिवसभर उत्तर दिलं नाही. जिथं पहिलं रडणं ऐकायला मी हवी होते, तिथं तू असणार.

म्हणून हे पत्र. दुधाच्या टेम्पोवरचा हनुमंत उद्या या पत्रासोबत बाळंतविड्याची पिशवी आणून देईल. डिंकाचे लाडू अपेक्षाला. शेंगापोळ्या विक्रमला, त्या तिला देऊ नकोस, तिला पित्त होतं. निळा स्वेटर तुला. विमानात गारठा असतो म्हणतात. चटणी मी दिलेली नाही, ती तुझी तू ने. तळाशी बाळाचं दुपटं आहे. अपेक्षा पोटात असताना मी नेसायचे, त्या पातळाचं. टाके माझेच, वाकडेतिकडे. बाळाला पहिल्यांदा जुन्याच कापडात घेतात, तुला ठाऊक आहे. नर्स बाळ तुझ्याकडे देईल, त्याआधी हे दुपटं हातांवर अंथर. पहिला स्पर्श त्याचा होऊ दे. मग घे तू, पोटभर घे.

अजूनही तुझीच,
रत्ना