ताईच्या वाट्याचं ऊन

९ फेब्रुवारी

पकडलं! ताईला आज रंगेहाथ पकडलं.

अंगात कणकण होती. काचा घासताना दोनदा हातातून निसटल्या, तेव्हा चष्म्याच्या दुकानाचा मालकच म्हणाला, जा घरी. भरदुपारी दार उघडलं तर घर चिडीचूप. ऑक्सिजनचं मशीन बंद! ताई खिडकीशी बसलेली, हात गुडघ्यांवर टेकून, तोंड उघडं टाकून श्वास ओढतेय. ओठ जांभळे. नाकातली नळी गळ्यात लोंबतेय.

"आत्ताच बंद केलं गं चिमे."

मशीनवर हात ठेवला. गार!

मग सगळं बाहेर आलं. मी कामाला गेले की बंद, मी यायच्या आधी चालू. कधीपासून? सांगत नाही. "ते दिवसभर घरघरतं आणि तिकडे मीटर पळतं. मी बसून खाते, वर वीजही खाऊ का?"

ओरडले. खूप ओरडले. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. गाद्यांच्या कारखान्यात कापूस पिंजत उभं आयुष्य काढलं. तोच कापूस आता हिच्या छातीत बसलाय. आणि ही माझं बिल वाचवतेय!

१० फेब्रुवारी

शपथ घातली. घेतली तिने लगेच. इतक्या लगेच, की माझा विश्वासच बसला नाही.

१८ फेब्रुवारी

वाचायचा चष्मा न्यायला आलेले एक आजोबा सामाईक सौरऊर्जेचं सांगत होते. त्यांचं बिल निम्म्यावर आलंय म्हणे. मी म्हटलं, आमचं भाड्याचं घर, छप्पर आमचं नाही. ते म्हणाले, छप्पर लागतंच कुठे?

दुकान सुटल्यावर तशीच त्या ऑफिसात गेले. आखूड केसांची बाई होती, भराभर बोलणारी. गावाबाहेर मोकळ्या जमिनीवर पॅनल उभे केलेत. त्यांची वीज नेहमीच्याच तारांत जाते. ज्यांनी हिस्सा घेतला, त्यांच्या वाट्याचे युनिट दर महिन्याला बिलातून वजा होतात. पावसाळी महिन्यात कमी, कडक उन्हात जास्त. उरले तर पुढच्या महिन्यात धरतात. हिस्सा मासिक वर्गणीवर मिळतो, ती विजेपेक्षा स्वस्त पडते.

"पण सगळे हिस्से गेलेत," ती म्हणाली. "कुणी सोडला तरच."

मी मशीनचं सांगितलं. ती लिहायची थांबली. म्हणाली, "फोन करते."

४ मार्च

फोन आला! एक कुटुंब शहर सोडून गेलं, त्यांचा हिस्सा आम्हाला!

ताईला सांगितलं. ती मला वेड्यात काढते. "म्हणजे आपल्याला वेगळी तार येणार?" — नाही गं, तार तीच. "मग आपल्या घरात आली ती उन्हाची कशावरून?" — ती कुठेही जाऊ दे, हिशेबात आपली. "आणि ढग आले की माझा श्वास कमी?" — नाही! श्वास तेवढाच!

"सूर्य काय आपल्या बापाचा आहे?" म्हणाली आणि हसता हसता खोकत बसली.

१५ मार्च

सकाळी वीज गेली. अख्ख्या गल्लीत. धावत जाऊन कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर लावला. ताई नळीआडून म्हणते, "आता कुठे गेलं तुझं ऊन?"

वीज गेली की आपलीही जाते, हे तिला आधीच सांगायला हवं होतं. तिला वाटलं, फसवलं मला.

२९ मार्च

आज सुट्टी. ताईला गाडी करून तिथे नेलं, छोटा सिलिंडर मांडीवर घेऊन. उतरवलं नाही, काच खाली केली. पॅनलच पॅनल, सगळे एका बाजूला माना कलवून.

ताईने मान बाहेर काढून पाहिलं. मग, "यातला माझा कुठला?"

असा वेगळा काढून देत नाहीत, म्हटलं. सगळ्यांचं एकत्र.

"असू दे. तो कडेचा माझा. धुळकट आहे बघ. कुणी पुसत नाही वाटतं त्याला."

परतताना माझ्या खांद्यावर झोपली. किती हलकी झालीय!

११ एप्रिल

ताई गेली.

१४ एप्रिल

त्या दिवशी संध्याकाळी आले तेव्हा मशीन चालू होतं. नळी नाकात, नीट. मला वाटलं डोळा लागलाय. चहा टाकला. दोन कप. मग हाक मारली.

१९ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं संपलीच होती, आज ना उद्या व्हायचंच. मी मान डोलावली.

पण मशीन चालू होतं म्हणजे काय? मी यायच्या वेळी ते नेहमीच चालू असायचं! तेच तर तिचं कसब. दिवसभर तोंड उघडं टाकून खिडकीशी बसली असेल. मग माझ्या पावलांची वेळ झाली म्हणून उठली असेल, बटण दाबलं असेल, नळी लावली असेल — आणि तेवढ्यानेच—

लिहवत नाही.

२७ एप्रिल

मशीन भाड्याचं होतं, घेऊन गेले. आता फ्रिजचा आवाज ऐकू येतो.

३ मे

बिल आलं. वाट्याचे युनिट वजा झालेलं पहिलंच बिल. पाकीट फोडलं नाही. आत लिहिलं असेल वीज किती लागली ते. कमी निघाली तर? मला नकोच ते कळायला.

आखूड केसांच्या बाईचा फोन आला. तिला माहीतच नव्हतं. आनंदाने विचारत होती, "बिल बघितलंत का?" ताई गेल्याचं सांगितलं. मग हळूच म्हणाली, हिस्सा दुसऱ्या कुणाला देता येतो, तुमचा तुम्ही ठेवूही शकता, घाई नाही.

एकटीला किती लागते वीज? एक दिवा. तोही लावावासा वाटत नाही.

८ मे

जिन्यात खालच्या मजल्यावरचा बेकरीवाला भेटला. रात्री भट्टी, दिवसा झोप, त्यामुळे कधी बोलणंच झालं नव्हतं. घुटमळला. म्हणाला, "ताईंचं कळलं. वाईट वाटलं. माझं चुकलंच, मी एकदा वर भांडायला आलो होतो."

भांडायला?

"पूर्वी दिवसा शांत असायचं. मार्चपासून डोक्यावर नुसती घरघर! दिवसभर, एक मिनिट खंड नाही, अगदी त्या दिवशीसुद्धा. डोळ्याला डोळा लागेना. तर ताईंनी नळी नाकात तशीच ठेवून दार उघडलं. म्हणाल्या, दादा, आता ते आमच्या उन्हावर चालतं. बंद नाही करायची मी."

मी पायरीवर बसले. म्हटलं, पुन्हा सांगा.