दहा सेकंद मोफत

४ ऑगस्ट २०२५, सोमवार
बँकेच्या विवरणात दर आठवड्याला एक कपात! रमा जाऊन वर्ष उलटले, आणि तिच्या फोनमधील ध्वनिमुद्रणाचे 'मधुरवाणी' नावाचे ॲप अजून तिच्या नावे वर्गणी ओढत आहे. 'मोफत' म्हणून तिने घेतलेले. मोफत तीनच दिवस. त्यापुढील अक्षरे इतकी बारीक की भिंग लावून वाचावी लागली. मृताचा खिसा कापण्याला हल्ली व्यवसाय म्हणतात. कार्ड तत्काळ बंद केले.

५ ऑगस्ट
कार्ड बंद होताच ॲपला कुलूप. आत रमाचे एकच ध्वनिमुद्रण – 'गौरी, आणि नंतरचं'. चांगले अर्ध्या तासाचे! आमच्याकडे वर्षभर सण नव्हते, म्हणून ते उघडले नाही. खरे तर धीरही झाला नाही. यंदा गौरी बसवायच्या. पुण्याहून सून विनिता येईल तेव्हा ती ऐकेल, असे मनाशी योजले होते. आता दहा सेकंदच मोफत ऐकू येतात –
"दिवा लावलात का? आधी शांत बसायचं. घाई नाही. आणि चिडायचं तर मुळीच ना—"
लगेच रमीच्या खेळाची जाहिरात! शिसारी आली.
विनिता कधीच चिडत नाही. तिला असे का सांगावे?

८ ऑगस्ट
ॲपच्या दुकानात याला जवळजवळ पाच तारे. अभिप्राय वाचले. चौघांचे एकच वाक्य, स्वल्पविरामासकट. एकाने लिहिले आहे – 'भाजी खूप रुचकर झाली.' ध्वनिमुद्रणाच्या ॲपखाली! आणि वर शिक्का – 'तपासलेले'. कोणी तपासले? तळोज्याच्या कारखान्यात मी आयुष्यभर गुणवत्ता तपासली. नमुना पाहिल्याशिवाय एक पिंप फाटकाबाहेर जाऊ दिले नाही. सविस्तर तक्रार पाठवली. चहा निवण्यापूर्वी उत्तर – 'नियमभंग आढळला नाही.'
निर्लज्ज!

१४ ऑगस्ट
वरच्या मजल्यावरचा प्रितेश संगणक कंपनीत आहे. त्याला फोन दाखवला.
"काका, रेकॉर्डिंग त्यांच्या सर्व्हरवर आहे. एक आठवडा भरा, डाउनलोड करून घेऊ, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला."
"चोराला मी पैसे देणार नाही."
"अहो, हे काय तळोज्याचं पिंप आहे, परत पाठवायला?"
मी विषय बंद केला. पुन्हा तक्रार. या वेळी त्या चार अभिप्रायांची चित्रे जोडली. विनिताला काही कळवलेले नाही; ध्वनिमुद्रण सोडवूनच सांगेन.

२१ ऑगस्ट
तेच उत्तर. पुन्हा लिहिले.

२८ ऑगस्ट
विजय! दुकानाचे पत्र – 'आपल्या तक्रारीवरून हे ॲप हटवण्यात आले आहे. आभार.' कोणीतरी अखेर डोळे उघडून तपासले.

२८ ऑगस्ट, सायंकाळी
रमाच्या फोनवर ॲप उघडले. पांढरा पडदा. 'सेवा बंद.' ते दहा सेकंदही नाहीत.
प्रितेशने बराच वेळ खटपट केली. "गेलं, काका."

३१ ऑगस्ट
गौरी आल्या. विनिताने उंबऱ्यापासून सारे न अडखळता केले. क्षमा मागण्यासाठी मी शब्द जुळवत होतो, तोच ती हळूच म्हणाली –
"बाबा, ऐकलंत का हो? गौरींचं मला आईंनी समोर बसवून शिकवलं होतं. ते रेकॉर्डिंग तुमच्यासाठी आहे. म्हणाल्या, गौरींचं नाव दिलं की वर्ष सरेपर्यंत हे त्याला हात लावणार नाहीत. नाहीतर लगेच ऐकत बसतील आणि जेवणखाण सोडतील."
मी 'हो' म्हणालो.