चार जीबी आणि पत्र्याखालची दुपार

रोहा, मंगळवार संध्याकाळ

नोकरीची ऑनलाइन मुलाखत गेली. मीच घालवली का? पेणच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याने स्पष्ट सांगितलं होतं, "ताई, चार जीबी मेमरीत व्हिडिओ कॉलच कसाबसा चालेल. मेमरी वाढवा, आतला पंखाही साफ करून घ्या." मी म्हटलं, मुलाखत झाल्यावर बघू.

दुपारी तीनला घराचा पत्रा नुसता तापलेला. लॅपटॉपला हात लावला तर चटका बसत होता, आधीच मंद चाललेला. त्यात तिसऱ्या प्रश्नाला मुलाखत घेणाऱ्यांनी मोठी एक्सेल फाइल उघडायला सांगितली. लॅपटॉपचा पंखा घरघरला आणि पडद्यावर माझा चेहरा गोठला, तोंड अर्धवट उघडं. बाजूला आई पुठ्ठ्याने वारा घालत होती. म्हणाली, "बंद कर गो, भाजशील." लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत मीटिंग संपली होती. कंपनीत फोन केला, कुणी उचलला नाही. त्यांनी माझं शेवटचं पाहिलं ते अर्धवट उघडं तोंडच असणार.

संध्याकाळी बाबा शिफ्टवरून आले. "झाली काय मुलाखत?"

"व्हय, चांगली झाली." का म्हटलं असं?

त्यांनी लगेच निडी गावच्या आत्याला फोन लावला. "पोरीचं काम झालं समज." आई माझ्याकडे बघत राहिली. मी लॅपटॉप पिशवीत भरला.