एक पाऊल मागे

टोलेडो, १९ नोव्हेंबर

प्रिय थॅड,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर करणाऱ्यांतला मी नाही. नाताळचं पहिलं कार्ड माझंच येतं म्हणून तू चिडवतोसही. या वेळी चार कागद फाडले. बोटांचं कारण देणार होतो. उजव्या हाताची दोन आता सरळ होत नाहीत. पण ते कारण खरं नाही.

इथे बर्फ पडायला लागलंय. लॉरेटा वेगळी झाली त्याला सहा वर्षं झाली, आणि मी अजून दोन माणसांचं सूप करतो नि उरलेलं दुसऱ्या दिवशी खातो. तशी सवय जुनीच. फुटबॉलच्या नऊ हंगामांत पाच शहरं, भाड्याची घरं, भाड्याचे सोफे. रविवारी साठ हजार लोक माझं नाव घेऊन ओरडायचे आणि सोमवारी मी दुकानात एकट्यापुरतं जेवण शोधत फिरायचो. चेंडू झेलणाऱ्याचं काम असंच. साठ वेळा धावायचं आणि त्यातून चार वेळा कुणीतरी आपल्याकडे बघतं. शेवटच्या वर्षी तर मला काढल्याचं फोनवरच कळलं, दारसुद्धा कुणी वाजवलं नाही.

दार म्हटलं की विस्कॉन्सिनमधली आपली सराव शिबिरातली खोली आठवते. ऑगस्टचा उकाडा, पाय बाहेर लोंबतील अशा वसतिगृहाच्या खाटा, तुझ्या आईने मेरिडियनहून पाठवलेल्या उकडलेल्या शेंगांच्या बरण्या. संघात चेंडू झेलणाऱ्याची, रिसीव्हरची, एकच जागा उरली होती आणि ती आपल्यापैकी एकालाच मिळणार, हे स्वयंपाकघरातल्या बायकांनाही ठाऊक होतं. तरी तू माझ्याकडून खुणा पाठ करून घ्यायचास. मी रोजनिशी उघडली की म्हणायचास, "प्रोफेसर, आज माझ्या हातून किती चेंडू सुटले ते नको लिहू रे, आई वाचेल एखाद दिवशी." सकाळी सहाला बोळात बूट वाजले की मात्र दोघंही गप्प. कार्यालयातला तो ग्रिम्सबी कुठल्या दाराशी थांबतो ते ऐकत पडायचो. त्याचं वाक्य ठरलेलं असायचं, "कोच बोलावतायत. चालींची वही घेऊन ये." वही परत मागितली की माणूस संघातून संपला.

आता त्या शेवटच्या सराव सामन्याबद्दल. आपण दोघं एकाच बाजूला होतो. मी बाहेर, रेषेवर. तू आत, एक पाऊल मागे. माझ्यासमोरच्या पोराने मला त्याआधी दोनदा रेषेवरच आडवा केला होता. मी घाबरलो, थॅड. त्याचे हात पोचू नयेत म्हणून मी एक पाऊल मागे सरकलो. असं सरकलं की आतल्याला हाताने खूण करायची, म्हणजे तो पुढे होतो आणि रेषेवरचा सात जणांचा आकडा भरतो. तू पुढे झाला नाहीस. एकसष्ट यार्ड धावलास, दोघांच्या मधून चेंडू काढलास, टचडाउन केलंस. मागे वळून बघतोस तर पंचाचं पिवळं फडकं जमिनीवर. रेषेवर एक माणूस कमी, म्हणजे नियमभंग. टचडाउन रद्द.

दुसऱ्या दिवशी कोचने चित्रफीत नेमकी चेंडू सुटण्याच्या क्षणी थांबवून विचारलं, चूक कुणाची? मी म्हणालो, "मी खूण केली होती." मग तू म्हणालास, "माझं लक्ष नव्हतं, कोच." त्यांना अजून तीस चाली बघायच्या होत्या. त्याच्या दुसऱ्या सकाळी ग्रिम्सबी आपल्या दाराशी थांबला. जाताना तू शेवटची बरणी माझ्या खाटेवर ठेवलीस.

रोजनिशीतलं त्या सामन्याच्या दिवसाचं पान परवा काढलं. लिहिलंय: 'खूण केली. टी.ने पाहिली नाही.' कोचने विचारण्याच्या आदल्या दिवशी, कुणीही विचारलं नसताना, मी हे लिहून ठेवलं होतं. पुढची एकवीस वर्षं मी त्या पानाच्या आधारावर जगलो. खूण विसरलो होतो की करायचीच नव्हती, हे मी आजही सांगू शकत नाही. सांगितलं तर ते तसलंच आणखी एक पान होईल.

तू लिहिलंस की तुझ्या शाळेच्या संघाच्या मेजवानीला येऊन पोरांशी बोल, नऊ वर्षं टिकणं म्हणजे काय ते सांग. भाषणाला काही सापडेल म्हणून, संघाने पाठवलेल्या जुन्या चित्रफिती पहिल्यांदाच उघडल्या. ती चाल कोचने थांबवली त्याच्या तीन सेकंद आधीपासून पाहिली. माझा हात मांडीलाच आहे, हललेलाही नाही. आणि तुझं शिरस्त्राण माझ्याकडे वळलेलं आहे, शेवटपर्यंत. तू खुणेची वाट बघत होतास. म्हणजे त्या खोलीत तुला सगळं माहीत होतं, आणि दर नाताळलाही. चित्रफीत सोबत पाठवतोय. ते एकसष्ट यार्ड तुझ्या मुलींनी पाहायला हवेत. त्यानंतरही मी यावं असं वाटलं तर तारीख कळव. पोरांना मी हेच सांगेन, दुसरं माझ्याकडे काही नाही. नको वाटलं तर कारणं लिहीत बसू नकोस. फक्त एवढंच लिही, वही घेऊन ये. मला कळेल.

तुझाच,
प्रोफेसर