धुळीनं झालं असेल

५ जानेवारी, रविवार
नवीन वर्षाचा संकल्प: ज्ञान वाटायचं. आपल्या मंठ्याच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब, त्यांनी मंडळात पुढच्या रविवारी भाषण द्यायला सांगितलं. विषय माझा मी निवडला. 'डोळा लाल का होतो?' एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. डोळ्यांची साथ आली की अर्धी गाडी लाल डोळ्यांची. त्यांच्याकडून पैसे घेतले, सुट्टे दिले, पण मला एकदाही डोळे आले नाहीत. याला अभ्यास म्हणतात.

कारणं लिहून काढली. धूळ, धूर, जागरण, मोबाईल, साथ. एवढी पुरेत. जास्त सांगितलं की म्हातारे झोपतात.

७ जानेवारी, मंगळवार
शेतात तूर बडवायला गेल्तो. म्हणजे बायको, द्वारका, बडवत होती, मी देखरेख. एक तुराटी उडून तिच्या उजव्या डोळ्यात लागली. घरी येईस्तोवर डोळा लालभडक. भाषणासाठी उदाहरण पाहिजेच होतं, ते घरातच मिळालं.

तिला सांगितलं, खळ्यावरची धूळ आहे, गार पाणी मार. ती म्हणाली, धूळ न्हाई हो, काडी लागली. मी म्हणालो, काडीवर पण धूळच असते.

८ जानेवारी, बुधवार
लाली तशीच. पाणी गळतंय. द्वारका म्हणते, बुबुळात काटा असल्यावानी खुपून राह्यलं. बाया जरा वाढवून सांगतात.

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे ड्रॉप कपाटात होते. मागच्या वर्षीचे, अर्धी बाटली शिल्लक. चांगल्या दवाखान्याचं औषध फेकून द्यायला मी काय येडा आहे? तिनं विचारलं, मला चालंल का? मी म्हणालो, डोळा तो डोळा. मान वर कर. तिनं केली. दोन थेंब टाकले.

९ जानेवारी, गुरुवार, सकाळी
लाली निम्म्यानं कमी!! मला आश्चर्य वाटलं नाही. दुसरा कोणी असता तर गाडी करून जालन्याला पळाला असता.

प्रियदर्शनीचा फोन. पोरगी जालन्यात राहते, तिला वाटतं अक्कल पण तिथंच राहते. म्हणे, पप्पा, आईला आजच्या आज डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा. मी म्हणालो, बिलकुल गरज नाही, फरक पडला. ती म्हणाली, आईला फोन द्या. आई म्हणाली, पप्पा करून राह्यलेत बराबर, तू कायले काळजी करतीस?

भाषणात हा अनुभव घालणार.

१० जानेवारी, शुक्रवार
पुन्हा लाल. कारण सापडलं: चुलीचा धूर. आंघोळीचं पाणी तिनं चुलीवर तापवलं. किती वेळा सांगायचं? थेंब दोनाचे चार केले.

आज दुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणे, दार लावा, उजेड सहन व्हईना. ठरवलं, सोमवारी दाखवून आणू. आधी भाषण होऊ दे. माणसानं एका वेळी एकच काम करावं.

१२ जानेवारी, रविवार
भाषण झकास. पंचवीसेक लोक. द्वारकाला मुद्दाम सोबत नेलं, पुरावा म्हणून. ती मागं बसली, डोळ्यावर पदर धरून. मी म्हणालो, हे पाहा, घरच्या घरी बऱ्या झालेल्या आमच्या सौभाग्यवती. टाळ्या पडल्या. तिनं पदर काही काढला नाही. लाजाळू आहे.

नंतर अण्णासाहेबांनी जवळ जाऊन पाहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, कंडक्टरसाहेब, वहिनींच्या डोळ्यात पांढरं काय आहे? मी म्हणालो, जखम भरताना खपली धरते. ते चष्मा पुसत निघून गेले. भाषण त्यांना जड गेलं असावं.

१३ जानेवारी, सोमवार
मीही पाहिलं. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका. साबुदाण्याएवढा. खपलीच.

तरी खात्री करावी म्हणून तिचा डावा डोळा झाकून बोटं दाखवली. किती? ती म्हणाली, हात दिसतो, बोटं न्हाई दिसत. म्हणालो, पाणी गळतंय म्हणून. पुसून पुन्हा बघ. तिनं पुसलं. बघितलं. म्हणाली, राहू द्या आता.

जालन्याला आज जाणार होतो. पण उद्या संक्रांत, गाड्यांना गर्दी. परवा नक्की.

१४ जानेवारी, मंगळवार
प्रियदर्शनी सकाळच्या पहिल्या गाडीनं आली. दारातूनच आईचा डोळा पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. पाणी पण प्याली नाही. गाडी ठरवून आईला बसवलं. मी म्हणालो, मी पण येतो. ती म्हणाली, तुमची मर्जी. मी ड्रायव्हरच्या बाजूला बसलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मशीनमधून पाहिलं, डोळ्यातलं जरासं खरवडून तपासायला नेलं. म्हणाल्या, काडी लागून बुबुळाला जखम झाली, त्यात बुरशी धरली. लाल डोळा दुखतो, उजेड सहन होत नाही, दिसायला कमी येतं, ही धोक्याची लक्षणं. लगेच का नाही आलात? मंग विचारलं, काही टाकलं होतं का यात?

मी खिशातून बाटली काढली. ती पाहून त्यांचा आवाज चढला. या स्टेरॉईडनं लाली दबते आणि बुरशी आत वाढते. हे कोणी टाकलं?

मी घसा साफ केला. तेवढ्यात द्वारका म्हणाली, मीच टाकलं मॅडम. घरात पडेल होतं.

डॉक्टरीणबाई तिला रागावल्या. बरंच बोलल्या. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होतो. शेवटच्या ओळीपर्यंत मला स्वच्छ दिसतं. प्रियदर्शनी माझ्याकडे पाहत होती.

तसं पाहिलं तर मान तिनंच वर केली होती.

२० जानेवारी, सोमवार
दवाखान्यातच. दर तासाला औषध. ते प्रियदर्शनी टाकते. मी हात पुढं केला तर म्हणाली, राहू द्या पप्पा.

पोरगी जेवण आणायला गेल्यावर द्वारकाला विचारलं, डॉक्टरांना तसं का सांगितलं? ती म्हणाली, तुमाला चारचौघात कोनी बोललेलं मला बरं वाटत न्हाई. मंग कूस बदलली. कूस बदलताना डोळ्याला धक्का लागला असावा. कण्हली.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. इथं फिनेलचा वास फार. त्यानं पण डोळे लाल होतात.

९ फेब्रुवारी, रविवार
घरी आलो. जखम भरली, दुखणं थांबलं. डोळ्यात पांढरं फूल पडलं ते पडलंच. उजव्यानं नुसता उजेड आणि अंधार कळतो. पुढं बुबुळ बदलता येईल म्हणतात, नंबर लावला आहे. कधी लागेल ते सांगता येत नाही म्हणे.

दुपारी अण्णासाहेबांचा फोन. पुढच्या महिन्यात बीपीवर बोला, म्हणाले. विषय चांगला आहे. मला स्वतःला बीपी आहे. हो म्हणणार होतो. पण द्वारका समोर तूर निवडत बसली होती. परात तोंडाशी धरून, मान डावीकडं वाकडी करून. कळवतो म्हणालो.

चार वाजता तिनं चहा केला. मी करतो म्हणालो तर ऐकलं नाही. ओतायला लागली आणि धार कपाच्या बाहेर पडली. पाटावर, तिच्या पायावर. मी म्हणालो, कप सरकला असेल.

ती म्हणाली, सरकला न्हाई. मला दिसला न्हाई.

मी फडकं आणलं आणि पुसायला खाली बसलो.