झोळी उतरवली ती दुपार

आप्पा, आज माझी नात पहिल्यांदा पालथी पडली. सून घाबरली. "आई, झोपेत अशी वळली तर?" मी तिला ठामपणे सांगितलं, निजवताना नेहमी पाठीवर निजवायचं. अंथरूण घट्ट आणि सपाट हवं, उशी नको, जाड गोधडी नको, आणि पलंगावर एकटीला सोडायचं नाही. तिला हे सांगताना मला गिरीज गावातलं आपलं घर दिसत होतं.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी बाळंतपणाला तुमच्याकडे आले. घरात बाईमाणूस नाही, पोरीचं कोण करणार, असं शेजारची काकू म्हणाली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोराला अंघोळ तुम्ही घाला, बाकीचं मी बघतो." आणि खरोखरच बघितलंत. तुमचे जावई बोटीवर नोकरीला, म्हणून मुलगा पाच महिन्यांचा होईपर्यंत मी राहिले. आईचं अंजिरी लुगडं ट्रंकेतून काढून मी माजघराच्या तुळईला त्याची झोळी बांधली होती. मुलगा तीत ठेवल्या ठेवल्या झोपायचा. मला वाटायचं, आईच त्याला घेऊन बसली आहे.

मग ती दुपार. मी चुलीपाशी अळू चिरतेय. तुम्ही केळींना पाणी सोडून वाडीतून येता, हात पुसत झोळीत डोकावता आणि एकदम दोन्ही हातांनी त्याला उचलून बाहेर काढता. तो आत कुशीवर वळला होता. तोंड लुगड्यात रुतलेलं, आणि त्या खोलगटातून त्याला परत सरळ होता येत नव्हतं. चेहरा लालभडक. क्षणभर आवाजच नाही. मग तो असा रडला की काकू धावत आली. तुम्ही त्याला माझ्या हातात दिलंत आणि स्टुलावर चढून गाठ सोडायला लागलात.

"आप्पा, राहू द्या ना! आईचं आहे ते."

"ती असती तर तिनंच सोडलं असतं."

"मी लक्ष ठेवीन."

"किती ठेवशील? तुलाही डोळा लागणारच. टोचायला नेला तेव्हा नर्सबाईंनी सांगितलं होतं ना, वळायला लागला की झोळी बंद."

काकू म्हणाली, "मग पालथा निजवा. पोटातला वारा सरेल, गुमान झोपेल."

"नको. वळता येतं त्याला, परतता येत नाही अजून."

लुगड्याची नीट घडी करून तुम्ही ते माझ्यासमोर ठेवलंत. मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. मुलगाही चटईवर झोपेना, रडून घर डोक्यावर घ्यायचा. तेव्हा जेवण झालं की तुम्ही सदरा काढून त्याच्या शेजारी नुसत्या जमिनीवर आडवे व्हायचात. तो पालथा पडला की त्याला हलकेच उताणा करायचात, तो पुन्हा वळायचा, तुम्ही पुन्हा. गावातली माणसं हसत, पण तुम्हाला त्याचं काही नव्हतं. एक दिवस तो आपणहून पालथ्याचा उताणा झाला, परत वळला, परत सरळ झाला. "आता जमलं गड्याला," असं म्हणून तुम्ही उठलात आणि वाडीत गेलात. त्या दिवसापासून त्याला उताणा निजवायचं, पुढे तो हवा तसा वळो, असं ठरलं. तोच आज बाप झालाय, आणि कसाही पडला तरी घोरतो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. आई गेल्यापासून तुम्ही आमच्यासमोर आपणहून कधी तिचं नावही काढलं नव्हतं. त्या दिवसांत दुपारी मात्र, मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे, आणि तुम्ही त्या एवढ्याशा पोराला हळू आवाजात सांगायचात, तुझी आजी गायला लागली की बावखलाच्या पाण्यातले बेडूक गप्प व्हायचे, बरं का. मग तुमचं तुम्हालाच हसू यायचं. मला झोप लागली आहे असं तुम्हाला वाटायचं. मी जागी असायचे, आप्पा. रोज.