घड्यानं खाल्लेलं मीठ

४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा खोकला थांबला का? स्वयंपाकघराच्या भिंतीला यंदाही रंग देते आहेस, असं बाबा म्हणाले. माझं मात्र काही खरं नाही. इतिहास आवडतो म्हणून प्राचीन वस्तूंच्या अभ्यासक्रमाला आले आणि पुढ्यात आलं रसायनशास्त्र. उत्खननातला एक घडा सरांनी माझ्या स्वाधीन केला आहे. रोज सकाळी त्याच्यावर पांढरी भुकटी दिसते. ओल्या फडक्यानं पुसते, तरी ती पुन्हा हजर; आता पापुद्रेही सुटू लागलेत. महिनाअखेर कारण सांगता आलं नाही, तर घडा दुसऱ्याला देऊ, असं सर म्हणाले. मग मी विषयच सोडीन म्हणते. तू रसायनशास्त्राची पदवीधर, तूच सांग.

लोभ असू दे, रागावणं थोडं कमी असू दे.

तुझी,
चिमणी

९ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

खोकला गेला. विषय सोडण्याचं खूळ डोक्यातून काढ, आणि त्याआधी ते ओलं फडकं फेकून दे. घडा शतकानुशतकं जमिनीत होता. त्या मातीचं मीठ त्यानं खाल्लं आहे. तू पाणी लावलंस की मीठ विरघळतं. पाणी सुकताना ते वर येतं, त्याचे बारीक खडे बनतात आणि पापुद्रा आतून ढकलतात. थोडक्यात, घड्याला तूच सोलते आहेस.

हा माझा अंदाज. अंदाजाला शास्त्रात किंमत नाही. सरांना विचारून गळलेला एक पापुद्रा पाण्यात भिजव आणि त्या पाण्याचा थेंब काचेवर सुकू दे. पांढरं कडं राहिलं तर मीठ. शेजारी नुसत्या पाण्याचाही थेंब ठेव. तू विसरशील, म्हणून पुन्हा लिहिते: शेजारी नुसत्या पाण्याचा थेंब. तुला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं तुझा बाप म्हणतो. त्याला खोटं पाड.

जेवणाची आबाळ केलीस तर लोभाचं मी पाहून घेईन.

तुझी,
आत्या

१८ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन्ही थेंबांनी कडं सोडलं आणि मी रडायला बसले. मैत्रीण म्हणाली, बुडालं तुझ्या आत्याबाईंचं शास्त्र. मग ध्यानात आलं, पाणी नळाचं होतं. क्षार त्यातही असतात. म्हणजे फडक्यानं मी वर आणखी भरच घालत होते! दुसऱ्या खेपेला डिस्टिल्ड वॉटर घेतलं. नुसत्या पाण्याची काच कोरी राहिली, पापुद्र्याच्या पाण्याचं कडं उमटलं. दोन्ही काचा सरांपुढे ठेवल्या. नळाच्या पाण्याची चूक कुणी पकडली, असं त्यांनी विचारलं. मी, असं सांगितलं. घडा माझ्याकडेच राहिला.

आता रागावू नकोस. तुझ्या भिंतीवरही दरवर्षी पांढरी भुकटी येते, रंगाचे पापुद्रे गळतात आणि तू वरून नवा रंग देतेस. आत पाणी कुठून येतं, ते पाहिलंस का गं?

लोभ वाढला नाही तरी चालेल, आटू मात्र देऊ नकोस.

तुझी,
चिमणी

२५ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

आगाऊ आहेस. पत्र वाचून आधी राग आला, मग भिंतीला हात लावून पाहिला. रंगाऱ्याला परत पाठवलं आणि प्लंबरला बोलावलं. आतला नळ पाझरतो आहे. त्याच भिंतीच्या पलीकडच्या अंगाला माझी पदवी टांगलेली आहे. ती तूर्त खाली उतरवून ठेवली.

विषय आता सोडायचा नाही. आणि यातलं अक्षरही बापाच्या कानावर घालू नकोस. तो विचारील, पालथा घडा नक्की कोणता.

लोभ आहे तसाच आहे, वाढल्यास कळवीन.

तुझी,
आत्या